फोटो काळा येतो म्हणजे नेमकं काय होतं?

मागच्या पोस्टखाली बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला होता: "संशोधनाचा प्रश्न सापडतो कुठे?" माझा एक प्रश्न मला हॉल तिकिटावर सापडला. म्हणून आज त्याचीच गोष्ट सांगते. त्यात प्रकाशाचं भौतिकशास्त्र येईल, रंगाचं मोजमाप येईल आणि आपल्या ओळखीचा तालुक्याच्या गावचा फोटो स्टुडिओही येईल.

एका प्रवेश परीक्षेच्या दिवशी पर्यवेक्षक बाईंनी माझं हॉल तिकीट हातात घेतलं, फोटो पाहिला, मला पाहिलं, पुन्हा फोटो पाहिला. मग दुसऱ्या सरांना बोलावलं. फोटोतली मुलगी दुधासारखी गोरी, गालावरचा तीळ गायब, नाकाची कड पुसट. आणि समोर उभी मी, चांगली सावळी. आधार कार्ड दाखवलं, तर त्यावरचा फोटो त्याहून वाईट. शेवटी हमीपत्र लिहून दिलं आणि पेपरातली बारा-पंधरा मिनिटं गेली. तुमच्यापैकी किती जणांचा फॉर्मवरचा फोटो असाच "सुधारून" आलेला आहे, जरा काढून बघा. मी थांबते.

राग आला होता, पण राग म्हणजे संशोधनाचा प्रश्न नव्हे. "स्टुडिओवाले गोरं करतात" ही तक्रार झाली. "किती गोरं करतात, कोणत्या टप्प्यावर करतात, आणि तसं करायची गरज त्यांना का वाटते" हे मोजता येतं. माझा पीएचडीचा विषय त्वचेतून विखुरणारा प्रकाश हाच असल्यामुळे लॅबमध्ये स्पेक्ट्रोफोटोमीटर हाताशी होता. सुरुवात तिथून केली.

रंग मोजायचा कसा

कॉम्प्युटरवरचे आर-जी-बी आकडे थेट वापरू नका, ही पहिली सूचना. सुरुवातीला सगळेच ही चूक करतात, मीही केली होती. फोटोतल्या एका पिक्सेलचा आकडा १०० आणि दुसऱ्याचा २०० असेल तर दुसऱ्या जागी दुप्पट प्रकाश आहे असं होत नाही. साध्या एसआरजीबी फाइलमध्ये तो फरक साधारण साडेचार पट असतो, कारण आकडे साठवताना ते एका वक्रातून जातात. आधी तो वक्र उलटा फिरवायचा, मग गणित करायचं.

त्वचेसाठी बहुतेक जण १९७६ सालची सीआयई-लॅब पद्धत वापरतात. तिच्यात एल म्हणजे उजळपणा, ए म्हणजे हिरव्याकडून लालाकडे आणि बी म्हणजे निळ्याकडून पिवळ्याकडे. एल आणि बी यांवरून एक कोन काढतात: एलमधून ५० वजा करा, बीने भागा, त्याचा आर्कटॅन घ्या. यालाच इंडिव्हिज्युअल टायपॉलॉजी अँगल म्हणतात. ५५ अंशांच्या वर अतिगोरी, ४१ ते ५५ गोरी, २८ ते ४१ मधली, १० ते २८ टॅन, उणे ३० ते १० ब्राऊन आणि त्याखाली गडद.

माझ्या गालाचं मोजमाप असं आलं: एल ५२, बी १८. कोन सुमारे ६ अंश, म्हणजे ब्राऊन. स्टुडिओच्या फाइलमधला गाल: एल ६८, बी १४. कोन ५२ अंश! मधले दोन गट ओलांडून मी थेट गोऱ्यांत. उजळपणाच्या भाषेत सांगायचं तर माझा गाल खरं म्हणजे २० टक्के प्रकाश परत फेकतो, फोटोत तो ३८ टक्के फेकतोय. जवळपास दुप्पट.

इथे एक प्रामाणिक अडचण सांगितली पाहिजे. स्टुडिओच्या फाइलमध्ये तुलनेसाठी कोणताच माहीत असलेला रंग नव्हता. त्यामुळे ५२ अंशांतले किती रिटचिंगचे, किती एक्सपोजरचे आणि किती व्हाइट बॅलन्सचे, हे या एका फाइलवरून वेगळं करता येत नाही. तीन कारणं एकाच आकड्यात मिसळलेली. तुमच्या भावी गाइडना हीच जागा सगळ्यात आधी दिसेल. कारणं वेगळी करायची तर स्टुडिओत जाऊन एकेक गोष्ट बदलून बघायला हवी होती.

काकांचा स्टुडिओ

भांडायच्या तयारीनेच गेले होते, खरं सांगते. स्टुडिओवाल्या काकांनी ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाले, "ताई, फोटो काळा आला तर गिऱ्हाईक पैसे देत नाही. परत येऊन भांडतं. गोरा केला म्हणून भांडायला आलेल्या तुम्ही पहिल्याच." मी म्हटलं, "काका, पण मुळात काळा का येतो?" त्यावर ते म्हणाले, "माणूस काळा असेल तर काळाच येणार ना." आणि आम्ही दोघंही हसलो, कारण ते स्वतः माझ्यापेक्षा दोन छटा गडद आहेत.

माझा सगळा प्रयोग याच वाक्यावर उभा आहे. सावळा माणूस फोटोत सावळा यायला हवा. पण तो *काळा* येतो, म्हणजे प्रत्यक्षाहून गडद येतो. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांची गल्लत झाली की "उजळ करणं" हा उपाय वाटायला लागतो.

गल्लत सोडवायला शंभर-दोनशे रुपयांचं एक साधन पुरतं: ग्रे कार्ड. ते पडणाऱ्या प्रकाशापैकी १८ टक्के परत फेकतं. गंमत म्हणजे लॅब पद्धतीत १८ टक्क्यांचा उजळपणा जवळजवळ बरोबर ५० येतो, वरच्या सूत्रातून आपण वजा करतो तोच आकडा. म्हणजे माझी त्वचा आणि ग्रे कार्ड जवळपास सारख्याच उजळपणाचे. नीट एक्सपोज झालेल्या एसआरजीबी फोटोत कार्डाचा आकडा ११८ च्या आसपास यायला हवा. मी काकांच्या नेहमीच्या मांडणीत कार्ड हनुवटीजवळ धरून बसले. आकडा आला ७०. वक्र उलटा फिरवून हिशेब केला तर दीड स्टॉपहून जास्त कमी एक्सपोजर. (कॅमेरा जेपीइजी करताना स्वतःचा वक्र लावतो, म्हणून हे रॉ फाइलवरून केलं. तुम्हीही तसंच करा.)

म्हणजे कॅमेऱ्यातून निघतानाच मला दीड स्टॉप काळं केलं गेलं होतं. मग फोटोशॉपमध्ये ते भरून काढताना काकांचा हात थांबला नाही आणि मी दुसऱ्या टोकाला गेले.

कमी एक्सपोजर का? उत्तर खुंटीला नाही तर अंगावर होतं: पांढरा शर्ट. पांढरा शर्ट ८०-९० टक्के प्रकाश परत फेकतो, सावळी त्वचा त्याच्या चौथ्या-पाचव्या हिश्श्याएवढा. शर्ट आणि मागचा पांढरा पडदा "जळू" नये म्हणून काकांनी कधीतरी, बहुधा कोणा गोऱ्या गिऱ्हाइकावर, सेटिंग बसवलं आणि नंतर ते कायमचं झालं. ब्राइटनेस स्लायडर हा त्यावरचा रोजचा मलम.

ही चूक काकांची एकट्याची नाही. कोडॅकच्या लॅबमध्ये रंग जुळवायला जी संदर्भ छायाचित्रं वापरायचे, त्या "शर्ली कार्डां"वर अनेक दशकं गोऱ्या बायकाच होत्या. कॅनडाच्या लॉर्ना रॉथ यांचा २००९ सालचा त्यावरचा निबंध आवर्जून वाचा. २०१८ च्या जेंडर शेड्स अभ्यासात जॉय बुओलाम्विनी आणि टिमनित गेब्रू यांनी चेहऱ्यावरून लिंग ओळखणाऱ्या व्यावसायिक प्रणाली तपासल्या. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चुकीचं प्रमाण जास्तीत जास्त ०.८ टक्के, गडद त्वचेच्या बायकांच्या बाबतीत ३४.७ टक्क्यांपर्यंत. एका माणसावर बसवलेलं सेटिंग सगळ्यांना लावलं की असं होतं, मग ते फिल्म असो, अल्गोरिदम असो की काकांचा सॉफ्टबॉक्स.

प्रकाश हलवल्यावर

एका रविवारी काकांनी दुपारी शटर अर्धं ओढलं आणि आम्ही एकेक गोष्ट बदलत गेलो. एका वेळी एकच, हा नियम.

माझं पहिलं गृहीतक होतं की वरची ट्यूबलाइट चेहऱ्यावर हिरवट झाक आणते. ऐकायला एकदम पटतं. तपासायला फ्लॅश बंद करून त्याच सेटिंगवर फोटो काढला. पूर्ण काळा! एक सव्वाशेअंश सेकंद, एफ ८ आणि आयएसओ १०० असताना ट्यूबचा प्रकाश फ्लॅशपुढे हिशेबातच येत नाही. गृहीतक गेलं. दहा सेकंदांचा प्रयोग होता, पण तो केला नसता तर ट्यूब बदलून मी थिसिसमध्ये अख्खा परिच्छेद लिहिला असता.

मग हिरवट झाक कुठून? डाव्या बाजूची भिंत पिस्ता रंगाची होती, खुर्चीपासून दीड हातावर. फ्लॅशचा प्रकाश भिंतीवरून उडून गालावर येत होता. भिंतीवर काळी चादर टांगली आणि झाक गेली. जे व्हाइट बॅलन्सने सुटत नाही ते असं असतं: एका गालावर हिरवा, दुसऱ्यावर नाही. व्हाइट बॅलन्स अख्ख्या फोटोला एकच दुरुस्ती लावतो, त्यामुळे डावा गाल सुधारला की उजवा गुलाबी होतो.

जाता जाता, जे एलईडीच्या सतत पेटत्या प्रकाशात शूट करतात त्यांच्यासाठी: खोक्यावरचा सीआरआय ८० पाहून फसू नका. तो आकडा आठ फिकट रंगांची सरासरी असते. गडद लाल, म्हणजे आर-९, त्यात धरलेलाच नसतो. स्वस्त एलईडीत आर-९ शून्याच्या जवळपास असू शकतो. त्वचेतला जिवंतपणा रक्ताच्या लालीतून येतो, आणि दिव्यातच तो लाल नसेल तर नंतर स्लायडर ओढून परत येत नाही.

आता खरी मजा. काकांचे दोन्ही सॉफ्टबॉक्स ६० सेंटिमीटरचे, दोन्ही बाजूंना अडीच मीटरवर भिंतीला ठोकलेले, सारख्याच ताकदीचे. दोन्हीकडून सारखा प्रकाश म्हणजे नाकाची सावली नाही, गालाचा उतार नाही, चेहरा पोळीसारखा सपाट. शिवाय "सॉफ्ट"बॉक्स असूनही प्रकाश कडक. कारण प्रकाशाचा मऊपणा दिव्याच्या आकारावर नाही, तर चेहऱ्यावरून तो केवढा *दिसतो* यावर ठरतो. सूर्य अवाढव्य आहे, पण आपल्याला अर्ध्या अंशाएवढा दिसतो, म्हणून उन्हातली सावली सुरीसारखी. ६० सेंटिमीटरचा सॉफ्टबॉक्स अडीच मीटरवरून सुमारे १४ अंशांचा दिसतो, एक मीटरवर आणला की ३३ अंशांचा. पैसे न घालता मऊ प्रकाश!

पण दिवा जवळ आणला की वर्गव्यस्त नियम मधे येतो. अडीच मीटरवरून एक मीटरवर आणल्यावर प्रकाश सव्वासहा पट झाला. तो फ्लॅशची ताकद कमी करून सावरता येतो. न सावरणारी गोष्ट पडद्याची: चेहरा दिव्यापासून एक मीटर, पडदा अडीच मीटर, म्हणजे पडद्यावर चेहऱ्याच्या एक षष्ठांश प्रकाश. ओळखपत्राच्या फोटोला पांढरा पडदा लागतो आणि आमचा पडदा झाला राखाडी. म्हणून दुसरा सॉफ्टबॉक्स पडद्यावर वळवला आणि चेहऱ्याच्या दुसऱ्या बाजूला थर्माकोलचा पांढरा पत्रा उभा केला. थर्माकोल हा मराठी स्टुडिओंचा सर्वांत दुर्लक्षित रिफ्लेक्टर आहे असं माझं ठाम मत आहे. शर्टाचा प्रश्न काकांनीच सोडवला. पासपोर्ट फोटोसाठी टांगलेला काळा कोट खुंटीवरून काढून माझ्या अंगावर घातला, आणि जळायला पांढरं फार उरलंच नाही.

एक्सपोजर आता शर्टावर नाही, ग्रे कार्डावर बसवलं. कार्ड ११७ वर आलं. व्हाइट बॅलन्सही ऑटोवरून काढून त्याच कार्डावरून घेतला. फोटो स्क्रीनवर आला तेव्हा काका थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "याला काय करायचंच नाही की." कोन मोजला: ८ अंश. स्पेक्ट्रोफोटोमीटरने दिला होता ६. फोटोत मी सावळीच होते, फक्त काळी नव्हते.

चकाकी पुसायची की ठेवायची

इथे त्वचेचं भौतिकशास्त्र थोडं सांगते. प्रकाश त्वचेवर पडला की साधारण ३ ते ५ टक्के वरूनच परावर्तित होतो. हा भाग दिव्याच्याच रंगाचा असतो, त्वचा गोरी की सावळी याचा त्याच्याशी संबंध नाही. बाकीचा आत शिरतो. वरच्या थरात मेलॅनिन त्याला शोषतं, निळा सर्वांत जास्त. खालच्या थरात रक्तातलं हिमोग्लोबिन हिरवा-पिवळा खातं, ५४२ आणि ५७७ नॅनोमीटरच्या आसपास. लाल प्रकाश सर्वांत खोल जातो, भरपूर विखुरतो आणि बाहेर येतो.

यातून दोन उपयोगी निष्कर्ष निघतात. पहिला: सावळ्या त्वचेत आतून येणारा प्रकाश कमी, पण वरची चकाकी तेवढीच. म्हणून तिच्यावर चकाकी उठून दिसते. स्टुडिओत लगेच पावडर लावून ती मारतात आणि मग चेहरा मातकट दिसतो. खरं तर सावळ्या चेहऱ्याचा आकार बराचसा या चकाकीनेच कळतो. ती पुसायची नाही, मोठ्या मऊ दिव्याने पसरवायची. ती पूर्ण घालवायचीच असेल, उदाहरणार्थ त्वचारोगाच्या नोंदीसाठी, तर दिव्यावर एक ध्रुवक आणि लेन्सवर त्याला काटकोनात दुसरा लावतात. वरून परतलेला प्रकाश अडतो, आतून विखुरलेला येतो.

दुसरा निष्कर्ष घरी करून बघा. कुठलाही चेहऱ्याचा फोटो घ्या आणि तीन चॅनेल वेगळे करा. लाल चॅनेलमध्ये त्वचा तुकतुकीत, डाग जवळजवळ नाहीत. निळ्यात वांग, डाग, छिद्रं सगळं उघडं. एकच चेहरा! "खराब त्वचा" ही बऱ्याचदा निळ्या चॅनेलची तक्रार असते.

रिटचिंगकडे आता या नजरेने बघा. फ्रीक्वेन्सी सेपरेशन नावाची युक्ती यूट्यूबवर जादू म्हणून विकली जाते, पण ती आपली ओळखीची लो-पास फिल्टरच आहे. फोटो गाऊसियन ब्लरने धूसर केला की एक थर मिळतो, त्यात रंग आणि छायाप्रकाशाचे मोठे चढउतार. मूळ फोटोतून तो वजा केला की दुसरा थर, त्यात छिद्रं, लव, सुरकुत्यांच्या कडा. डोळ्याखालचा काळेपणा पहिल्या थरात हलका करा, दुसऱ्याला हात लावू नका. त्वचा त्वचाच राहते. मोबाइलचे ब्यूटी फिल्टर दुसरा थरच खरवडून टाकतात, म्हणून चेहरा मेणाचा होतो. त्यांच्या मागची एक जुनी कल्पना म्हणजे तोमासी आणि मंडुची यांचा १९९८ चा बायलॅटरल फिल्टर: कडा ठेवा, आतलं गुळगुळीत करा. अल्गोरिदम म्हणून सुंदर आहे. माझा तीळ मात्र त्याला कड वाटला नाही.

किती रिटचिंग म्हणजे जास्त, याचंही मोजमाप झालेलं आहे. एरिक की आणि हनी फरीद यांनी २०११ साली आधीच्या-नंतरच्या ४६८ छायाचित्र-जोड्या लोकांना दाखवून १ ते ५ गुण घेतले आणि आकाराचे व रंगछटेचे बदल मोजून ते गुण वर्तवणारं मॉडेल बसवलं. "मला वाटतं" हे मोजपट्टीवर कसं आणायचं याचा हा नमुना म्हणून वाचा, फोटोग्राफीत रस नसला तरी.

माझा स्वतःचा निकष घरगुती आहे: पंधरा दिवसांत जे आपोआप जाईल ते काढायला हरकत नाही. पुटकुळी, खरचटलेलं, विस्कटलेला केस. तीळ, व्रण आणि रंग राहू द्यायचा. ओळखपत्राच्या फोटोत तर पुटकुळीही राहू दे, परीक्षेच्या दिवशी ती असेलच.

या सगळ्यात माझ्यासाठी एक प्रश्न उघडा राहिला आणि मी सध्या त्याच्यावर काम करते आहे. त्वचेच्या वर्गवारीच्या ज्या पट्ट्या आपण वापरतो त्यांपैकी १९७५ ची फिट्झपॅट्रिक पट्टी मुळात त्वचा उन्हाला कसा प्रतिसाद देते यासाठी होती, रंग मोजायला नव्हती. २०२२ मध्ये आलेल्या मंक पट्टीत दहा छटा आहेत. पण आपल्याकडे लग्नाच्या बायोडाटात "गव्हाळ", "निमगोरी", "सावळी" लिहितात ते शब्द एकाच माणसाबद्दल आई, मावशी आणि होणारी सासू वेगवेगळे वापरतात. हे शब्द कोनाच्या कोणत्या पट्ट्यात पडतात आणि कोण बोलतंय यावर ते सरकतात का, हे तपासायचं आहे. प्रश्नावली तयार आहे, एथिक्स कमिटीची परवानगी यायची आहे. ती येईपर्यंत एकाही चेहऱ्याचा फोटो डेटा म्हणून वापरायचा नाही, हेही लक्षात ठेवा. काकांच्या स्टुडिओत मॉडेल मीच होते ते त्याचसाठी.

काकांच्या भिंतीवरची चादर अजून आहे. ग्रे कार्ड मी तिथेच ठेवून आले. परवा फॉर्मसाठी भावाचा फोटो काढायला गेलो, तर त्यांनी कार्ड लावलं, कोट घातला, फोटो काढला आणि सवयीने विचारलं, "थोडा उजळ करू का?" मग माझ्याकडे बघून म्हणाले, "बरं, दोन फाइली देतो. एक फॉर्मला, एक मामींना दाखवायला."